नव्या नाटककारांचा महोत्सव पुण्यात कसा उभा करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजात असताना पुरुषोत्तम आणि फिरोदिया या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा केलेला पाच-सहा जणांचा एक गट आता नोकरीधंद्याला लागला आहे. त्यांना पुण्यात दरवर्षी नव्या लेखकांच्या नव्या मराठी नाटकांचा महोत्सव भरवायचा आहे. चार नाटकं उभी राहतील एवढे पैसे जमले आहेत. संहिता कशा मागवायच्या, निवड कोणी करायची, स्पर्धा ठेवायची का आणि नाट्यगृह कुठलं घ्यायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी दिग्दर्शन करतो, आणि बरीच वर्षं नव्या लेखकांबरोबर त्यांच्या संहितांवर काम करत आलो आहे. त्या अनुभवावरून पहिलं सांगणं हेच की चार नाटकं करू नका. पहिल्या वर्षी दोनच करा. बाकीच्या दोन नाटकांचा पैसा आणि वेळ पुनर्लेखनावर खर्च करा. आणि स्पर्धा ठेवू नका.

पुण्यात स्पर्धांची वाण नाही. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, फिरोदिया करंडक १९७४ पासून. राज्य नाट्य स्पर्धा तर १९५४ पासूनची. मराठी रंगभूमीला या स्पर्धांनी काय दिलं, हे वेगळं सांगायला नको. आपण सगळे त्यातूनच आलो. पण कॉलेजातल्या स्पर्धेत लेखक तासाभराच्या आतली एकांकिका लिहायला शिकतो. तिथे पडदा उघडल्या उघडल्या प्रेक्षक आणि परीक्षक दोघांनाही पकडावं लागतं, शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी उलटंपालटं घडवावं लागतं, आणि पंचवीस जणांच्या टीमला रंगमंचावर काम द्यावं लागतं. ही एक विद्या आहे आणि ती अवघडच आहे. मात्र दोन तासांच्या नाटकाला ती पुरत नाही. एकविसाव्या वर्षी उत्तम एकांकिका लिहिणारा मुलगा किंवा मुलगी कॉलेज संपलं की एकदम एकटी पडते. टीम पांगते, तालमीची जागा जाते, वाचून दाखवायला माणसं उरत नाहीत. पहिलं दोन अंकी नाटक ती रात्री नोकरीवरून आल्यावर लिहिते, ते कोणीतरी वाचतं, ‘छान आहे, पण जरा लांबलंय’ म्हणतं, आणि विषय तिथेच संपतो. तुमचा महोत्सव या जागी उभा राहायला हवा. करंडकांची संख्या आणखी एकाने वाढवण्यात तुमची शक्ती घालवू नका.

हे पुण्यात आधी झालेलं आहे, हेही लक्षात असू द्या. १९८५ ते १९९४ या काळात थिएटर अकादमी या नाट्यसंस्थेने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककारांच्या विकासाची एक योजना राबवली. तिची आखणी नाटककार सतीश आळेकरांची होती. त्यांचा स्वतःचा प्रवास पाहिला तर अशी योजना त्यांनाच का सुचली, हे कळतं. आधी एकांकिका, मग १९७३ मध्ये ‘मिकी आणि मेमसाहेब’, १९७४ मध्ये ‘महानिर्वाण’, १९७९ मध्ये ‘बेगम बर्वे’. या सगळ्या काळात त्यांच्याभोवती बरोबरीने काम करणारी, त्यांची भाषा ओळखणारी नटमंडळी होती. थिएटर अकादमीचा जन्मसुद्धा एका नाटकाला धरून ठेवण्यातून झाला. १९७२ मध्ये पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन) या पुण्यातल्या नाट्यसंस्थेने विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणलं, वाद होऊन प्रयोग थांबले, तेव्हा ते नाटक करत राहायचंच म्हणून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७३ मध्ये ही संस्था काढली आणि पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा सुरू केले. नाटककारामागे एक टिकाऊ गट असला की काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आता संहिता मागवण्याबद्दल. फक्त कल्पना किंवा दोन पानी सारांश मागवू नका. सारांश चांगला लिहिणारे वेगळे आणि नाटक चांगलं लिहिणारे वेगळे. पूर्ण खर्डा मागवा, पण खर्डाच मागवा. जाहिरातीत स्पष्ट लिहा की अपुरं, खडबडीत, शेवट न सापडलेलं नाटक चालेल, मात्र दोन्ही अंक लिहिलेले हवेत. शेवट सापडत नाही म्हणून पाठवायला संकोचणारे लेखकच आपल्याला हवे असतात.

वयाची अट घालू नका, असं मी आग्रहाने सांगेन. ‘पस्तिशीच्या आतले’ असं लिहिलंत की मुलं मोठी झाल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी लिहायला बसलेली बाई बाहेर राहते. चाकण-भोसरीच्या कारखान्यात पाळ्या करून लिहिणारा माणूसही बाहेर राहतो. ज्याचं पूर्ण लांबीचं नाटक अजून सार्वजनिक रंगमंचावर आलेलं नाही तो नवोदित, एवढी व्याख्या पुरे.

नाव-पत्ता संहितेवर नको. निवड समितीच्या हातात क्रमांक टाकलेली प्रत जावी. आपल्या शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात. कोणी कुठल्या कॉलेजातून आलं, कोणाच्या हाताखाली शिकलं, हे कळलं की वाचणाऱ्याची नजर बदलते. समितीत चारच माणसं ठेवा: एक दिग्दर्शक, एक नट किंवा नटी, एक प्रकाशयोजना-नेपथ्य करणारं कोणीतरी आणि नाटकवाला नसलेला एक पट्टीचा वाचक. नेपथ्यवाल्याला विसरू नका. संहितेतल्या जागेबद्दल तो जे बोलतो ते आपल्यापैकी कोणालाच दिसलेलं नसतं. प्रत्येकाने प्रत्येक संहितेवर पानभर टिपण लिहायचं, गुण द्यायचे नाहीत. गुण दिले की बेरीज होते, आणि बेरजेत नेहमी सगळ्यांना बरं वाटलेलं नाटक वर येतं. एकाला अतिशय आवडलेलं आणि दुसऱ्याला अजिबात न पटलेलं नाटक खाली जातं. निवडीला बसाल तेव्हा असं वादाचं नाटक आधी टेबलावर घ्या.

भाषेचा मुद्दा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. पुण्यात शिकायला आणि नोकरीला आलेली नांदेड, बीड, लातूर, जळगाव, सोलापूरकडची मुलं आज लिहिताहेत. त्यांच्या पहिल्या खर्ड्यात अनेकदा असं दिसतं की घरातली माणसं प्रमाण मराठी बोलतात आणि विनोदी पात्र तेवढं गावाकडचं बोलतं. हे त्यांना आपल्या रंगभूमीने शिकवलेलं आहे. निवडीनंतरच्या पहिल्याच भेटीत लेखकाला विचारा, ही आई तुमच्या घरी कशी बोलली असती? बहुतेक वेळा पुढच्या खर्ड्यात ते पात्र पहिल्यांदा जिवंत होतं. आणि मग तालमीत एखादा नट ‘हे प्रेक्षकांना कळणार नाही’ म्हणून शब्द बदलू लागला तर त्याला थांबवणं हे तुमचं काम.

निवड झाली की खरं काम सुरू होतं. निवडलेल्या नाटकांचं पहिलं वाचन लेखकाने स्वतः करू नये. लेखक वाचतो तेव्हा न लिहिलेलंसुद्धा आवाजातून पुरवतो. नटांनी वाचावं, त्यांना संहिता चार दिवस आधी मिळालेली असावी, आणि रंगसूचना वाचायला एक वेगळा माणूस बसवावा. रंगसूचना मोठ्याने वाचल्या की किती गोष्टी लेखकाने संवादाऐवजी कंसात लिहून ठेवल्या आहेत ते लगेच ऐकू येतं. ऐकणारे पंधरा-वीस जण पुरेत. लेखकाने एका बाजूला बसून प्रतीवर खुणा करत राहायचं: कुठे माणसं चुळबुळली, कुठे हसली, कुठे हसायला हवं होतं आणि हसली नाहीत. एक जण घड्याळ लावून प्रत्येक प्रवेशाची वेळ लिहून ठेवेल. उभं राहून केलेला प्रयोग वाचनापेक्षा लांबतो, हे धरून चाला.

वाचनानंतरची चर्चा फार जपून करा. आपल्याकडे वाचन संपलं की प्रत्येक जण नाटक नव्याने लिहायला लागतो. ‘मी असतो तर शेवटी बापाला मारलं असतं’ हे वाक्य तिथे उच्चारायला बंदी हवी. ऐकणाऱ्यांना तीन-चार साधे प्रश्न विचारा. कुठल्या क्षणी तुमचं लक्ष उडालं? कोणाबद्दल आणखी ऐकायचं होतं? पहिल्या अंकाच्या शेवटी पुढे काय होईल असं वाटलं होतं? काय समजलं नाही? उत्तरं लेखकाने फक्त लिहून घ्यायची, बाजू मांडायची नाही. एका वाचनाचं सांगतो. जुना वाडा पाडून इमारत करण्यावरून दोन भावांचं भांडण, असं नाटक होतं. दोघांचे संवाद धारदार, कायद्याची माहिती पक्की. वाचन संपल्यावर मात्र जवळजवळ सगळ्यांनी बहिणीबद्दल विचारलं. ती पहिल्या अंकात चहा आणून ठेवते आणि कागदावर सही कुठे करायची एवढंच विचारते. लेखकाने तिला केवळ सोयीसाठी आणलं होतं. नंतरच्या खर्ड्यात त्याने भावांचं भांडण निम्म्यावर आणलं आणि दुसरा अंक तिच्या सहीवर उभा केला. हे त्याला कोणी सुचवलं नव्हतं. वीस माणसांनी एकच प्रश्न विचारला, बाकी त्याचं त्याने केलं.

नव्या संहितांमध्ये वारंवार दिसणाऱ्या काही गोष्टी आहेत, त्या तुमच्या मार्गदर्शकांना आधीच ठाऊक असाव्यात. मोबाइल ही त्यातली मोठी. पात्र एकटं रंगमंचावर येतं आणि फोनवर बोलून आपल्याला सगळी माहिती देतं. समोर दुसरं माणूस नाही, म्हणजे विरोध नाही, म्हणजे प्रवेशच नाही. असा फोन दिसला की लेखकाला सांगा, पलीकडच्या माणसाला खोलीत आणून बघ. दुसरी गोष्ट काळोखाची. एकांकिकेत पाच वेळा काळोख केला तरी वेगात निघून जातो, पण दोन तासांत तीस वेळा दिवे गेले की प्रत्येक वेळी प्रेक्षकाला नव्याने नाटकात यावं लागतं. भूतकाळ दाखवायचाच असेल तर पात्रांच्या आजच्या वागण्यातून दिसू दे. तिसरी गोष्ट शेवटच्या स्वगताची, ज्यात लेखक नाटकाचा अर्थ सांगून टाकतो. ते काढलं की नाटक उघडं पडेल अशी भीती लेखकाला वाटते. तालमीत एकदा काढून बघा, नव्वद टक्के वेळा कोणाला त्याची आठवण येत नाही. आणि रंगमंचावरच्या माणसांना हाताला काम द्या. भाजी निवडणारी, पंक्चर काढणारी, शाळेचे पेपर तपासणारी माणसं वेगळं बोलतात. नुसती सोफ्यावर बसलेली माणसं चर्चा करतात.

पहिल्या वाचनापासून तालीम सुरू होईपर्यंत किमान तीन महिने ठेवा आणि त्यात दोन पूर्ण पुनर्लेखनं होऊ द्या. प्रत्येक नाटकामागे एकच मार्गदर्शक असावा. तीन ज्येष्ठ तीन दिशांना ओढू लागले की नवा लेखक सगळ्यांचं ऐकतो आणि नाटक कोणाचंच राहत नाही.

दिग्दर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे: पहिलं मोठं नाटक लेखकाने स्वतः दिग्दर्शित करू नये. एकांकिकेत लेखक-दिग्दर्शक एकच असण्याची आपल्याला सवय आहे, आणि तिथे ते चालतं. पण मोठ्या नाटकात लेखकाने रिकामी सोडलेली जागा तोच दिग्दर्शक असेल तर संगीताने, प्रकाशाने, समूहाच्या हालचालींनी भरून काढतो. मग संहिता कच्ची आहे, हे त्याला कधी कळतच नाही. दुसरा दिग्दर्शक त्या जागी अडखळतो आणि विचारतो, ‘ही इथे थांबते का?’ त्या प्रश्नासाठी दुसरा माणूस हवा. जोडी लावताना दोघांनाही आधी भेटू द्या, आणि नको वाटलं तर नाही म्हणायची मुभा द्या.

तारखांचं गणित पुण्यात फार महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात कॉलेजची मुलं पुरुषोत्तममध्ये अडकलेली असतात, भरत नाट्य मंदिरही तेव्हा त्यातच असतं. मग गणपती, नवरात्र, दिवाळी. हिवाळ्याच्या तोंडाला राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी येते, डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव, जानेवारीत चित्रपट महोत्सव, त्याला लागूनच फिरोदिया आणि विनोद दोशी नाट्यमहोत्सव. नंतर परीक्षा. मला एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला पंधरवडा बरा वाटतो. उकाडा असतो, काही जण गावी जातात, हे खरं. पण नट मोकळे असतात, तालमीला शाळांचे वर्ग मिळतात, आणि संध्याकाळी सातनंतर लोक बाहेर पडायला तयार असतात. याचा अर्थ संहिता आदल्या सप्टेंबरात मागवायच्या, निवड नोव्हेंबरअखेर, वाचनं डिसेंबरपासून, तालमी मार्चमध्ये.

नाट्यगृह लहान घ्या. बालगंधर्व किंवा कोथरूडचं यशवंतराव चव्हाण या मोठ्या नाट्यगृहांचा मोह पडेल, पण अनोळखी लेखकाच्या नव्या नाटकाला तिथे रिकाम्या खुर्च्यांशी झुंजावं लागतं, आणि शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक नाटकांना लागतात. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह, एरंडवण्यातलं द बॉक्स अशा जागी प्रेक्षक नटाच्या जवळ बसतो. प्रत्येक नाटकाचे निदान तीन प्रयोग ठेवा, आणि पहिला व दुसरा यांत एक दिवस मोकळा सोडा. त्या दिवशी लेखक आणि दिग्दर्शक बसून कापाकापी करतील. पहिल्या प्रयोगाच्या प्रेक्षकांकडून जे शिकायला मिळतं ते वापरायची संधी आपण लेखकाला जवळजवळ कधीच देत नाही.

तिकीट लावा. फुकट प्रवेशिकांनी सभागृह भरतं, पण पाऊस आला की रिकामं होतं. किंमत कमी ठेवा आणि विद्यार्थ्यांना अर्धी.

सेन्सॉरचं काम शेवटावर ढकलू नका. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता प्रमाणित करून घ्यावी लागते. आपल्या पद्धतीत संहिता शेवटपर्यंत बदलत राहणार, म्हणून इथे शिस्त हवी. तालमी सुरू होताना एक खर्डा पक्का करायचा आणि तो मंडळाकडे पाठवायचा. त्यानंतर वाक्यं कापता येतील, पण नवे प्रवेश आत आणायचे नाहीत. आणायचेच असतील तर मंजुरीचा वेळ हाताशी हवा. नाट्यगृहाच्या दारात प्रमाणपत्र विचारलं जातं तेव्हा धावपळ नको.

आता पैसे आणि हक्क. अंदाजपत्रकाची पहिली ओळ लेखकाच्या मानधनाची असू दे. मी बघितलेल्या बहुतेक अंदाजपत्रकांत नेपथ्याचं भाडं, प्रकाशाचं भाडं, टेम्पो, वडापाव, फलक सगळं असतं आणि लेखकाच्या जागी ‘स्मृतिचिन्ह’ असतं. मानधन दोन हप्त्यांत द्या: निम्मं निवड झाल्यावर, निम्मं पक्का खर्डा हातात आल्यावर. पुनर्लेखन हे काम आहे आणि त्याचे पैसे मिळायला हवेत. महोत्सवानंतरच्या प्रत्येक प्रयोगाचं वेगळं मानधन ठरवून ठेवा, रक्कम लहान असली तरी चालेल.

करार लेखी करा, एक-दोन पानांचा, मराठीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नाटकाचा पहिला मालक लेखक असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सही केलेले असावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर संपूर्ण भारत. म्हणजे घाईत केलेल्या मोघम कागदावर नव्या लेखकाचं नाटक पाच वर्षं अडकू शकतं. तुम्ही मालकी मागूच नका. फक्त महोत्सवातले प्रयोग आणि त्यानंतर एक वर्ष प्रयोग करायची परवानगी घ्या, पुणे आणि जवळच्या गावांपुरती. चित्रपट, वेबमालिका, भाषांतर, प्रकाशन हे सगळे हक्क लेखकाकडे राहतील असं वेगळं वाक्य घाला. चित्रीकरण कराल तर ते कुठे दाखवणार हेही लिहा. तालमीत नटांनी सुचवलेल्या वाक्यांवरून पुढे तंटे होतात, म्हणून संहितेचा लेखक एकच आहे, हे नटांच्या कागदातही येऊ द्या.

महोत्सव संपल्यावर काय, याची तयारी महोत्सवाआधीच हवी. दोन्ही नाटकांच्या पुढच्या तीन-चार प्रयोगांच्या तारखा तुमच्याकडे आधीच असल्या पाहिजेत: एक पिंपरी-चिंचवडला, एक साताऱ्याला किंवा कोल्हापूरला, एक मुंबईला एखाद्या लहान जागेत. नेपथ्य त्यासाठीच एका टेम्पोत मावेल असं करा. दुसऱ्या गावातल्या हौशी संस्थांना महोत्सवाला बोलवा, त्यांच्या हातात पक्क्या संहितेची प्रत द्या आणि लेखकाशी गाठ घालून द्या. त्या संस्थांना दर वर्षी राज्य नाट्य स्पर्धेसाठी नवी संहिता हवी असते आणि ती शोधताना त्यांची दमछाक होते. तुमच्या नाटकाचा एक वेगळा, दुसऱ्या दिग्दर्शकाने केलेला प्रयोग अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर) किंवा सांगलीला उभा राहिला, तर त्या लेखकाला आपलं नाटक पहिल्यांदा बाहेरून दिसेल.

ज्यांची नाटकं घेता आली नाहीत त्यांचंही बघा. समितीने लिहिलेली टिपणं तुमच्याकडे असतीलच. त्यांतली दुखावणारी वाक्यं गाळून, नाटकातलं काय पोचलं आणि कुठे अडलं हे सांगणारं अर्ध्या पानाचं पत्र प्रत्येकाला पाठवा, आणि निवडलेल्या नाटकांच्या वाचनांना ऐकायला बोलवा. दुसऱ्या वर्षीच्या संहितांच्या ढिगात यांच्यापैकी काहींची नाटकं परत येतील आणि ती आधीपेक्षा चांगली असतील. तोपर्यंत तुमचा गट टिकला आणि पैसे उभे राहिले, तर दोनाची तीन नाटकं करायला हरकत नाही.